कोयनेत एक थेंब

सातारा-सांगली पट्ट्यातल्या प्रत्येक घराण्यात एक पेन्शनर होमिओपॅथ असतो. पदवी घेऊन, बोर्ड लावून बसलेले डॉक्टर वेगळे, हा घरचा. जिल्हा परिषदेतून, बँकेतून नाहीतर एसटीतून निवृत्त झाला की काही दिवस तो अजिंक्यताऱ्यावर नाहीतर कृष्णेच्या घाटावर फिरायला जातो. मग गुडघे कुरकुरतात, कुणीतरी गोळ्या देतं, गुडघे आपल्या मर्जीनं थोडे निवळतात आणि गुडघे बाजूला राहून गोळ्यांचाच नाद लागतो. घरात एक लाकडी पेटी येते. तीत बोटाएवढ्या काचेच्या बाटल्या, प्रत्येकीच्या बुचावर मुंगीएवढ्या अक्षरांत चिकटवलेलं लॅटिन नाव. सोबत बोरिकचं मटेरिया मेडिका, आणि त्याची पानं घरातल्या पोथीपेक्षा जास्त मळलेली. पुढं लग्न असो, बारसं असो, दहावा असो, पेटी बरोबर. मांडवात कुणी शिंकलं की हा दोन पंगती ओलांडून येतो आणि विचारतो, "पाणी नाकातलं झोंबतंय का डोळ्यांतलं?"

नाकातलं झोंबत असेल तर अॅलियम सेपा, डोळ्यांतलं झोंबत असेल तर युफ्रेशिया. अॅलियम सेपा म्हणजे आपला कांदा. गोळ्या चालू असताना कांदा खायचा नाही, हे तो जाताजाता बजावतो.

आमच्यात हे खातं अण्णांकडं आहे. अण्णा म्हणजे माझे थोरले काका, पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त. सगळी नोकरी धोम, कण्हेर आणि कोयनेच्या पाण्यावर गेली. खात्यात त्यांचा दरारा होता तो एम.बी.मुळं. एम.बी. म्हणजे मेजरमेंट बुक. ठेकेदार कितीही गोड बोलो, "साहेब, भिंत उभी आहे, डोळ्यांनी बघा की" म्हणो, अण्णा स्वतः टेप धरायला लावायचे, वहीत आकडा चढवायचे आणि मगच बिल पुढं सरकायचं. एम.बी.त नोंद नाही म्हणजे काम झालेलं नाही, हे त्यांचं वाक्य डिव्हिजनमधल्या ठेकेदारांना पाठ होतं. असा माणूस एक बाटली उजेडात धरतो आणि "यात आर्सेनिक आहे" म्हणून सांगतो, तेव्हा पुतण्यानं काय करावं?

मी त्यांना त्यांच्याच हद्दीत गाठायचं ठरवलं. ऑगस्टचा महिना होता, टीव्हीवर कोयनेचा विसर्ग क्युसेकमध्ये सांगत होते.

"अण्णा, कोयना पूर्ण भरली की किती?"

"एकशे पाच पॉइंट पंचवीस टीएमसी," झोपेतून उठवलं असतं तरी त्यांनी हेच सांगितलं असतं.

"त्यात औषधाचा एक थेंब टाकला, तर कितीची पोटन्सी होईल?"

अण्णांना आकडेमोड समोर दिसली की राहवत नाही. त्यांनी लाइट बिलाची मागची बाजू घेतली. एक टीएमसी म्हणजे दोन हजार आठशे एकतीस कोटी लिटर. म्हणजे पूर्ण धरण जवळजवळ तीन लाख कोटी लिटर. एका मिलीलिटरचे वीस थेंब. सहावर सोळा शून्यं. होमिओपॅथीत दर पायरीला एक थेंब औषध आणि नव्व्याण्णव थेंब पाणी किंवा अल्कोहोल, म्हणजे दर पायरीला दोन शून्यं वाढतात. पेन्सिल थांबली.

"आठ. आठ सी. वर जरा चिल्लर."

"आणि तुम्ही मला काल दिलेली गोळी?"

"थर्टी."

म्हणजे अख्ख्या कोयनेत एक थेंब टाकून, त्यातला एक थेंब उचलून, तो पुन्हा शंभरात एक असा आणखी बावीस वेळा विरघळवायचा. जगातले सगळे समुद्र एकत्र केले आणि त्यात तो पहिला थेंब टाकला तरी जेमतेम तेराव्या पायरीपर्यंत पोचतो. तीसच्या पायरीला मूळ औषधाचा एक रेणू तोंडात पडायला हवा असेल, तर सुमारे पाचशे कोटी पृथ्व्यांच्या वजनाइतकं पाणी प्यावं लागेल. ते मी अण्णांना सांगितलं. पाण्याचा हिशेब आयुष्यभर केलेला माणूस. क्षणभर गप्प झाले. मग चष्मा काढून म्हणाले,

"पण हलवलं कुठंय?"

"म्हणजे?"

"नुसतं पातळ करून नाही चालत. दर वेळी दणके द्यावे लागतात. त्यानं शक्ती जागी होते. कोयनेत टाकलास, हलवलंस कुठं?"

"अण्णा, १९६७ च्या भूकंपापासून कोयना आपली आपण हलतेय."

यावर त्यांनी लाइट बिल घडी करून खिशात ठेवलं, आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. घरात वादाचा निकाल असाच लागतो.

दणक्यांची गोष्ट खरी आहे. सॅम्युअल हानेमाननं बाटली कातडी बांधणीच्या पुस्तकासारख्या टणक पण लवचिक वस्तूवर आपटायला सांगितलं आहे. या माणसाबद्दल मात्र माझ्या मनात अढी नाही. १७९० मध्ये एका स्कॉटिश डॉक्टरच्या ग्रंथाचं जर्मन भाषांतर करताना सिंकोनाची साल हिवतापावर का चालते याचं स्पष्टीकरण त्याला पटलं नाही. त्यानं स्वतः साल खाऊन पाहिली, त्याला हिवतापासारखीच लक्षणं जाणवली आणि ‘ज्यानं रोग येतो त्यानंच तो जातो’ हे तत्त्व त्यावरून उभं राहिलं. एका माणसानं, एकदा, स्वतःवर. आमच्याकडं अजून बरेच सिद्धांत याच पायावर उभे आहेत. १८१० मध्ये त्याचा ऑर्गेनॉन आला. एवढ्याशा पदार्थात रेणू असतात तरी किती, याचा पहिला बरा अंदाज यायला १८६५ उजाडावं लागलं, आणि हानेमान तर १८४३ च्या जुलैत पॅरिसमध्ये वारला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणलं. मराठी नाटकाला सुरुवात आणि हानेमानला निरोप एकाच साली. आमची सांगलीची मंडळी यात योगायोग मानत नाहीत, पण सांगलीकर नाटकाच्या बाबतीत काहीच योगायोग मानत नाहीत.

त्या काळाचा विचार केला तर हानेमानकडं जाणारा रोगी शहाणाच म्हणायचा. इतर डॉक्टर काय करत होते? शीर कापून शेरभर रक्त काढत होते, जळवा लावत होते, पारा पाजत होते, जुलाब देत होते. १८५४ च्या लंडनच्या कॉलऱ्यात होमिओपॅथिक हॉस्पिटलमध्ये माणसं कमी दगावली, हे होमिओपॅथ आजही अभिमानानं सांगतात आणि ते खरंही आहे. कॉलऱ्यानं सुकत चाललेल्या माणसाला आणखी जुलाब न देता पाण्याचे थेंब दिले तर तो वाचण्याची शक्यता वाढणारच. काहीही न करणं हा तेव्हा फार मोठा उपचार होता. अडचण एवढीच, की बाकीच्यांनी पुढं जळवा लावणं सोडलं.

आता सांगलीला येऊ. विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या मामींना अर्धशिशीचा जुना त्रास. एकदा डोकं फारच धरलं तेव्हा मामांनी त्यांना मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. दोन तास बाकावर, चार मिनिटं आत. डॉक्टरांनी कॉम्प्युटरकडं बघत विचारलं, कॉम्प्युटरकडं बघत लिहून दिलं, आणि कॉम्प्युटरच बोलला असता तर मामींना तितकंच बरं वाटलं असतं. मग कुणीतरी एका होमिओपॅथ डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. मी सोबतीला गेलो होतो, म्हणून हे बघायला मिळालं.

बाईंनी कोरी वही उघडली.

"उन्हात गेल्यावर डोकं वाढतं का?"

"सांगलीत उन्हात गेल्यावर काय वाढत नाही?"

"गोड जास्त आवडतं का खारट?"

"भडंग."

बाईंनी ‘खारट’ लिहिलं.

"तहान कशी लागते? घोट घोट, का एकदम तांब्याभर?" मग झोप, मग घाम, मग स्वप्नं. मामींना स्वप्नात पुराचं पाणी जिन्यावर चढताना दिसतं. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हापासून निम्म्या सांगलीला तेच दिसतं, पण बाईंनी ते फक्त मामींच्या नावावर लिहून घेतलं.

"रडू आलं तर चारचौघांत रडता का एकट्या?"

"एकटी."

"राग आला की बोलून टाकता का गिळता?"

मामींनी शेजारी बसलेल्या मामांकडं पाहिलं. मामा मोबाइलमध्ये हळदीचे भाव बघत होते.

"गिळते."

"किती वर्षं?"

"चौतीस."

तासाभरानं आम्ही बाहेर आलो तेव्हा मामींचा चेहरा उतरत्या उन्हासारखा निवळला होता. गोळ्यांची पुडी अजून उघडलीसुद्धा नव्हती. होमिओपॅथीत एवढी एकच गोष्ट आहे जी पातळ करून देत नाहीत, ती म्हणजे चौकशी. मोठ्या हॉस्पिटलांनी तिच्याकडून काही उचलायचं असेल तर ते हेच. गोळ्या तिथंच राहू द्याव्यात.

पुडीवर लिहिलं होतं: नॅट्रम म्यूर ३०. घरी आल्यावर अण्णांना फोन लावला. अण्णा खूश. "अचूक निदान! दुःख गिळणारी बाई, खारटाची आवड, उन्हाचा त्रास. नॅट्रम म्यूरचं चित्रच आहे हे!"

"पण नॅट्रम म्यूर म्हणजे काय?"

"मीठ."

मामींना ब्लडप्रेशर आहे. बीपीच्या डॉक्टरांनी पानातलं मीठ बंद केलेलं. एका डॉक्टरांनी मीठ तोडलं, दुसरीनं मीठच औषध म्हणून दिलं, आणि दोघांच्या सांगण्यात काडीचा विरोध नाही, कारण दुसऱ्या मिठात मीठ नाही. मामींनी यावर व्यवहारी तोडगा काढला. गोळ्या चालू ठेवल्या आणि भडंगही.

याच मिठाची एक जुनी गोष्ट आहे आणि ती मला फार आवडते. १८३५ मध्ये जर्मनीतल्या नुरेंबर्गमध्ये वाद पेटला. होमिओपॅथांचं म्हणणं, तीसच्या पोटन्सीचं मीठ घेतलं की धडधाकट माणसालाही लक्षणं जाणवतात. शंका घेणारे म्हणाले, बघूच. मिठाचा एक कण बर्फाच्या पाण्यात विरघळवून रीतसर तीस पायऱ्यांपर्यंत नेला. शंभर कुप्या घेतल्या. निम्म्यांत हे औषध, निम्म्यांत नुसतं बर्फाचं पाणी. कुप्यांवर आकडे टाकले, सरमिसळ केली, कुठल्या आकड्यात काय ती यादी बंद करून ठेवली. देणाऱ्यालाही माहीत नाही, घेणाऱ्यालाही नाही. मंडळींनी कुप्या प्यायल्या आणि आपल्याला काय झालं ते कळवलं. बहुतेकांना काहीच झालं नव्हतं.

लाख रुपयांची यंत्रं नकोत, प्रयोगशाळा नको. गावातल्या गुत्त्यात जमून चार शहाण्या माणसांनी जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी जे केलं, त्यालाच आज डॉक्टर लोक ‘डबल ब्लाइंड’ म्हणतात. अण्णांच्या भाषेत ही एम.बी. ठेकेदारानं ‘भिंत उभी आहे’ म्हणणं आणि टेप लावणं यांत जो फरक, तोच ‘मला गुण आला’ आणि ही बंद यादी यांत. पुढं अशी मोजमापं खूप झाली. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेनं २०१५ मध्ये १७६ अभ्यास तपासले आणि एकाही आजारावर होमिओपॅथी चालते असा भरवशाचा पुरावा नाही, असा शेरा मारला. ज्या फ्रान्समध्ये हानेमाननं अखेरची वर्षं काढली, त्या फ्रान्सच्या सरकारनं २०२१ पासून या गोळ्यांचे पैसे द्यायचं बंद केलं. बिल नामंजूर.

"पण गुण येतो त्याचं काय?" हा अण्णांचा हुकमी एक्का.

येतो की. गुण येतोच. प्रश्न कुठून येतो, हा आहे. मामी बाईंकडं कधी गेल्या? डोकं सगळ्यात जास्त दुखत होतं तेव्हा. शिखरावरून कुठल्याही बाजूला पाऊल टाकलं तरी उतारच लागतो. पोरांच्या हातावरच्या चामखिळी घ्या. आमच्या गल्लीत चामखीळ दिसली की थुजा. थुजा घेता घेता चामखीळ जाते, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. मुलांच्या बऱ्याचशा चामखिळी वर्षा-दोन वर्षांत आपोआपच जातात, हे कुणी पाहत नाही, कारण ज्याची चामखीळ काही न करता गेली तो पोरगा कुणाला कशाला सांगायला जाईल? बारीक मुतखडा तसाच. तो मुळात वाहत्या पाण्याचा प्रवासी. आज ना उद्या पडणारच. पडला त्या दिवशी ज्याची बाटली टेबलावर असेल त्याला श्रेय. आणि गोळ्या घेऊन त्रास वाढला तर? "वाढणारच, औषध लागू पडतंय." काहीच फरक नाही पडला तर? "पोटन्सी बदलू." बरं वाटलं तर बोलायलाच नको. तिन्ही निकालांत औषध पास. अशी परीक्षा दहावीला असती तर आम्ही सगळे बोर्डात आलो असतो.

याची सरकारी आवृत्ती २०२० मध्ये निघाली. २९ जानेवारीला आयुष मंत्रालयानं पत्रक काढलं: कोरोना टाळण्यासाठी आर्सेनिकम अल्बम ३०, तीन दिवस, उपाशीपोटी. भारतातला पहिला कोरोनाचा रुग्ण केरळात सापडला तो ३० जानेवारीला. रोग्याच्या आधी औषध तयार, अशी तत्परता आपल्या सरकारी खात्यांत आधी कधी दिसली नाही आणि नंतरही नाही. मार्चमध्ये इस्लामपुरात एका कुटुंबातल्या चौघांचे अहवाल पॉझिटिव्ह आले आणि आकडा पंचविशीपर्यंत चढला. तिथं जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं: परिसर सील, संपर्कातल्या माणसांचा शोध, विलगीकरण, मिरजेत उपचार. साथ तिथल्या तिथं आटोक्यात आली. त्यानंतर राज्याच्या ग्रामविकास खात्यानं ग्रामीण भागातल्या पाच कोटी लोकांना या गोळ्या वाटायचं ठरवलं, वित्त आयोगाच्या निधीवरच्या व्याजातून. मुद्दल गटारींना आणि व्याज गोळ्यांना, इथंही प्रमाण पातळच. अण्णांनी तर सरकारची वाट न बघता अख्ख्या सोसायटीला डबी पोचवली. मला डबी देताना म्हणाले, "घे. नुकसान तर काही नाही ना?" होमिओपॅथीच्या बाजूनं मी ऐकलेला हा सगळ्यात खरा युक्तिवाद. ज्या गोळीत काही नाही, तिनं नुकसान कसं व्हावं?

दुसऱ्या बाजूचेही त्या वर्षी कमी शहाणे नव्हते, हे सांगितलंच पाहिजे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा केवढा गाजावाजा झाला. रेमडेसिव्हिरच्या इंजेक्शनसाठी २०२१ च्या एप्रिलात सातारा-सांगलीतली माणसं मेडिकलच्या दारात रात्र रात्र उभी होती, आमदारांना फोन लावत होती. प्लाझ्मा देण्यासाठी तर महाराष्ट्रानं मोठा प्रकल्पच काढला. मग टेप लावले गेले. भारतातल्याच ३९ रुग्णालयांत ४६४ रोग्यांवर प्लाझ्माची चाचणी झाली, फायदा दिसला नाही, आणि मे २०२१ मध्ये सरकारी उपचारांच्या यादीतून प्लाझ्मा गेला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत नापास झालं. त्याच चाचणीत डेक्सामेथासोन नावाचं जुनंपुराणं, स्वस्तातलं औषध पास झालं आणि व्हेंटिलेटरवरची माणसं वाचू लागली. नापास व्हायची सोय असलेल्या परीक्षेलाच परीक्षा म्हणावं, असं मला वाटतं. आर्सेनिक अल्बमची शिफारस मात्र कुठल्याही पेपराच्या आधीच झाली. 

आणि खेड्यातल्या सलाइनचं काय? कुठल्याही गावात जा. "डाक्टर, अंगात त्राण न्हाई, एक बाटली लावा." बाटली चढते, कॉटवर दोन तास पंख्याखाली पडायला मिळतं, सून डबा घेऊन येते, माणूस ताजातवाना होतो. अर्ध्या लिटरच्या ग्लुकोजच्या बाटलीत साखर असते पंचवीस ग्रॅम. तेवढी उसाच्या रसाच्या एका पेल्यात असते. उसाच्या पट्ट्यातला शेतकरी कारखान्याला ऊस घालतो, बिलाची वाट बघतो आणि साखर शिरेतून विकत घेतो. ही अॅलोपॅथी म्हणून खपते. टेप लावला तर ही बाटली आणि अण्णांची पेटी एकाच पानावर नोंदवावी लागेल. फक्त बाटली महाग आणि टोचते.

एवढं असूनही आमच्या भागातल्या माणसाला मी भोळा म्हणणार नाही. तो फार हिशेबी आहे. तोंडानं कुठल्याही पॅथीचं कौतुक करतो, पण पाय बरोबर जायचे तिथंच जातात. सर्दी, चामखीळ, सासूचं डोकं, परीक्षेची भीती, केस गळणं: होमिओपॅथी. हाड मोडलं, बाळंतीण अडली, पोटात कळ उठली: मिरज. दक्षिण महाराष्ट्रात ‘मिरजेला नेलं’ म्हटलं की ऐकणारा पुढचं काही विचारत नाही, फक्त "कधी?" एवढंच विचारतो. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, आणि तेव्हापासून कर्नाटकापर्यंतची माणसं रेल्वेनं, बैलगाडीनं तिथं येत राहिली. लॅकेसिस हे होमिओपॅथीतलं नावाजलेलं औषध सापाच्या विषापासून करतात. ‘जशास तसं’ या न्यायानं साप चावल्यावर त्याच्याइतकं नेमकं काही नाही. पण उसाच्या फडात घोणस चावलेल्या माणसाला कुणी लॅकेसिस देऊन घरी झोपवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. प्रतिविष शोधत गाडी पळते.

‘कशावरून?’ हा प्रश्न ज्यांनी महाराष्ट्राला विचारायला शिकवला ते डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, डॉक्टर झाले मिरजेत, आणि बारा वर्षं साताऱ्यात दवाखाना चालवून मग अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाला लागले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला; ज्या कायद्यासाठी ते झगडले तो त्यानंतर त्याच डिसेंबरात झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडं जाऊ न देता मंत्र-दोऱ्यात अडकवणं त्यात गुन्हा आहे. साबुदाण्यासारख्या गोळ्यांचा त्यात उल्लेख नाही, आणि नसावाच. गोळीनं माणूस मरत नाही. मरतो तो गोळीच्या भरवशावर काढलेल्या दिवसांनी. छातीतली गाठ ‘विरघळेल’ म्हणून सहा महिने, महिनाभर जात नसलेला खोकला ‘प्रकृतीचा’ म्हणून आणखी दोन महिने. अशी माणसं मिरजेला उशिरा पोचतात. तिथल्या डॉक्टरांना हे विनोदी वाटत नाही.

अण्णा स्वतः मात्र वेळेवर पोचले. सांगलीला लग्नासाठी मामांकडं उतरले होते. पहाटे छातीत कळ आली, घाम फुटला. काकू घाबरल्या. उशाशी पेटी होतीच. काकूंनी विचारलं, "पेटी देऊ?"

अण्णा म्हणाले, "गाडी काढायला सांग."

अर्ध्या तासात मिरज, त्याच दिवशी स्टेंट. घरी आल्यावर त्यांच्या टेबलावर दोन राज्यं नांदू लागली: एका बाजूला अॅस्पिरिन, अटोर्व्हास्टॅटिन, बीपीची गोळी; दुसऱ्या बाजूला पेटी आणि क्रेटेगसचे थेंब. भेटायला येणाऱ्यांना ते सांगत, "स्टेंट त्यांनी बसवला, ते मानतो. पण सांभाळलं क्रेटेगसनं."

या सगळ्यात अण्णांना एकच गोष्ट जिव्हारी लागली, आणि ती मी केलेली नाही. महाराष्ट्र सरकारनं २०१४ मध्ये कायदा बदलून होमिओपॅथ डॉक्टरांना एका वर्षाचा फार्माकॉलॉजीचा कोर्स केल्यावर आधुनिक औषधं द्यायला परवानगी दिली. २०२५ मध्ये त्यांची नोंदणी मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरात करायची ठरली, तशी डॉक्टरांची संघटना आयएमए भडकली. साडेपाच वर्षं आम्ही शिकायचं आणि यांनी एका वर्षात? या भांडणात मला आयएमएचं म्हणणं पटतं, पण होमिओपॅथांचं कळत नाही. पातळ करण्यानं शक्ती वाढते यावर खरंच विश्वास असेल, तर त्यांनी एक वर्षसुद्धा मागायला नको होतं. एक दुपार पुरली असती. फार तर पुस्तक टेबलावर दोनदा आपटायचं.

अण्णांची तक्रार वेगळी होती. "ज्यानं ऑर्गेनॉन वाचलाय तो पॅरासिटामॉल लिहून देणार? पाचशे मिलिग्रॅम? लाज आहे का?" ते संतापले. सोसायटीतल्या एका तरुण होमिओपॅथ डॉक्टरांनी समजावायचा प्रयत्न केला की काका, रात्री दोनला एकशे तीन ताप घेऊन पोर आणलं की ऑर्गेनॉन उघडायला वेळ नसतो. अण्णांनी ऐकून घेतलं नाही. १८ सप्टेंबर २०२५ ला आयएमएनं राज्यभर ओपीडी बंद ठेवून संप केला, तेव्हा साताऱ्यात त्या संपाला मनापासून पाठिंबा देणारा एकमेव होमिओपॅथ म्हणजे आमचे अण्णा.

पाठिंबा जाहीर करून, शर्ट घालून, फाइल बगलेत मारून ते दहा वाजता हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायला निघाले. त्यांची तारीख नेमकी त्याच दिवशीची होती. तासाभरानं परत आले.

"काय म्हणाले डॉक्टर?" काकूंनी विचारलं.

"बंद आहे," अण्णा म्हणाले, आणि फाइल टेबलावर आपटली.